काळ्या मातीवर शहाबादी फरशी: आमच्या अंगणाचं काम कसं झालं

आमच्या मागच्या अंगणाचं आणि कडेच्या वाटेचं फरशीकाम मार्च २०२५ मध्ये पूर्ण झालं. आता त्यावरून एक अख्खा पावसाळा गेला, तेव्हा काय टिकलं आणि काय नाही हे खात्रीने सांगता येईल. काम काढण्याआधी मी बऱ्याच जणांना विचारत फिरले. दुकानदार फरशीबद्दल बोलत होते, ठेकेदार मजुरीबद्दल बोलत होते, पण फरशीखाली काय असावं हे आपणहून कुणी सांगेना. ज्यांच्याकडे असंच काम निघालं आहे त्यांना उपयोग व्हावा म्हणून सगळं क्रमाने लिहिते.

आम्ही सोलापूरला, विजापूर रस्त्याकडच्या एका जुन्या सोसायटीत बैठ्या घरात राहतो. मागे साधारण तीस बाय पंधरा फुटांची मोकळी जागा, तिथून फाटकापर्यंत जाणारी साठेक फुटांची वाट आणि वाटेच्या मध्यावर मोठा कडुनिंब. सासऱ्यांनी फार पूर्वी तिथे सिमेंटचा कोबा करून घेतला होता. त्याला इतक्या भेगा पडल्या होत्या की कुठे तुकडा वर आलेला, कुठे खाली गेलेला. २०२४ च्या दिवाळीनंतर सासूबाईंच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी सांगितलं, वॉकर घेऊन रोज सपाट जागेवर चालवा. घरात येऊन-जाऊन दोन खोल्यांची लांबी. बाहेर जागा होती, पण त्या कोब्यावर धडधाकट माणूसही ठेचकाळला असता. त्यामुळे हे काम सुशोभीकरणाचं नव्हतं. आईंना पाय न अडखळता चालता यावं, पावसात घसरू नये, एप्रिल-मेमध्येही संध्याकाळी बाहेर बसता यावं, एवढंच हवं होतं.

डिसेंबरात ओळखीतून एक गवंडीमामा बघायला आले. मी तोवर फोनमध्ये फरश्यांचे फोटो जमवून ठेवले होते. त्यांनी ते बघितले नाहीत. कोब्याच्या भेगेत सळई घातली, ती हातभर आत गेली. म्हणाले, "ताई, वर काय बी बसवा. खालची माती हलली की सगळं हललं. आधी खड्डा घ्या."

कुंपणालगत खड्डा घेतला. जवळजवळ तीन फूट काळी माती, त्याखाली मुरूम. ही माती बेसॉल्ट झिजून झालेली. तिच्यातली चिकणमाती पाणी प्यायली की फुगते, वाळली की आकसते. उन्हाळ्यात सोलापूरच्या शेतात बोट जाईल एवढ्या भेगा दिसतात, तोच प्रकार अंगणाखालीही दरवर्षी चालतो. आमचा कोबा गवंड्याच्या चुकीने फुटला नव्हता, तो मातीने फोडला होता. तीन फूट माती काढणं खर्चाच्या दृष्टीने आमच्या आवाक्यात नव्हतं. मामांनी मध्यममार्ग सांगितला: वरची एक फूट माती काढायची, मुरूम दाबून भरायचा, आणि पाणी अंगणाखाली मुरूच द्यायचं नाही. माती कायम एकसारखी ओली किंवा एकसारखी कोरडी राहिली तर फारशी हलत नाही, तिचं ओलं-कोरडं होणं घातक असतं. पुढचे सगळे निर्णय या एका गोष्टीवरून होत गेले.

मग दगड. आम्ही प्रत्येक प्रकाराचा एकेक तुकडा मागून आणला आणि गच्चीवर ठेवला. दुकानदार नमुन्याचा तुकडा सहसा फुकट देतात, मागायला संकोच करू नका. दुपारी दोन वाजता अनवाणी उभं राहून बघायचं, मग पाणी आणि थोडं साबण टाकून चप्पल घासून बघायची. काळा कडप्पा पहिल्याच दुपारी बाद झाला, त्यावर पाय ठेववेना, आणि हे जानेवारीचं ऊन होतं. पॉलिश केलेला कोटा दिसायला सुरेख, पण ओला झाला की पाय सरकतो. घरात तो उत्तमच आहे, पावसाखाली मला नको होता. पेव्हर ब्लॉकचा विचार मी बराच काळ केला, कारण काळ्या मातीवर त्याचा मोठा फायदा आहे: खालची माती बसली तर तेवढेच ब्लॉक उचलून पुन्हा लावता येतात. ज्यांना तो घ्यायचा आहे त्यांनी जाडी आणि दर्जा विचारून घ्यावा. आयएस १५६५८ या भारतीय मानकाच्या २००६ च्या आवृत्तीत नुसत्या पायी वर्दळीसाठी ५० मिमी जाडी आणि एम-३० दर्जा, तर हलक्या वाहनांसाठी ६० मिमी आणि एम-३५ दिला होता. आम्ही तो घेतला नाही तो वॉकरमुळे. ब्लॉकच्या कडा तासलेल्या असतात, दर काही इंचांवर खाच येते आणि वॉकरचं छोटं चाक प्रत्येक खाचेत थडथडतं. शेजारच्यांच्या पार्किंगमध्ये आईंना चालवून बघितलं, त्यांनी चार पावलांत नको म्हणून सांगितलं. तुमच्या घरात वॉकर किंवा व्हीलचेअर असेल तर ही चाचणी जरूर करा.

शेवटी बिनपॉलिशची, मशीनने कडा कापलेली शहाबादी ठरली. शहाबाद इथून जवळच, कर्नाटकच्या कलबुर्गी जिल्ह्यात, मुंबई–चेन्नई लोहमार्गावर. तिथला चुनखडक थराथराचा असतो, थर सुटे होऊन फरशीच्याच रूपात निघतो, म्हणून त्याला फारसं कापावं लागत नाही आणि तो स्वस्त पडतो. त्याच पट्ट्यात वाडीला सिमेंटचे कारखाने आहेत, तेही याच चुनखडकावर. थरावर सुटलेला पृष्ठभाग किंचित खरबरीत असतो, त्याला पकड असते, आणि करडा रंग उन्हात कडप्प्याइतका तापत नाही. आमच्या आजोळच्या स्वयंपाकघरात, शाळेच्या व्हरांड्यात, बसस्थानकात हीच फरशी होती. तिला हल्ली लोक गरिबाची फरशी म्हणतात याचं मला वाईट वाटतं. अंगणासाठी याहून चांगला दगड आमच्या भागात मला तरी दिसला नाही.

चुनखडकाचा एक स्वभाव मात्र पक्का लक्षात ठेवा: त्याला ॲसिड चालत नाही. सिमेंटचे डाग काढायला कामगार सर्रास ॲसिड मारतात. शहाबादी, कोटा, कडप्पा, तंदूर, या सगळ्यांचा पृष्ठभाग ॲसिडने खाल्ला जातो, पांढरट खडबडीत डाग राहतात आणि ते परत जात नाहीत. आम्ही ठेका देतानाच कागदावर लिहून घेतलं: साफसफाईला ॲसिड वापरायचं नाही.

आता कागदपत्रं. अंगणात फरशी बसवायला कोण परवानगी मागतं, असं मलाही वाटायचं. पण आमच्या सोसायटीच्या नियमात खोदकाम, ट्रक आत आणणं आणि राडारोडा यांसाठी समितीचं ना-हरकत पत्र लागतं. मी जानेवारीच्या सुरुवातीला अर्ज दिला. पण सोलापुरात गड्ड्याच्या, म्हणजे ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या संक्रांतीच्या यात्रेच्या दिवसांत कुठलीही बैठक होत नाही, सिद्धेश्वरांच्या नंदीध्वजांपुढे बाकी सगळं थांबतं. बैठक महिन्याच्या अखेरीस झाली, पत्र फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात मिळालं. अर्जासोबत हाताने काढलेला मापांचा नकाशा, राडारोडा कुठे टाकणार त्याचा उल्लेख आणि ड्रेनेजची चेंबरं उघडी राहतील असं लेखी आश्वासन जोडलं होतं. चेंबरचा मुद्दा मी आधीच लिहिल्यामुळे समितीचा मुख्य प्रश्न तिथेच मिटला.

दुसरा प्रश्न कडुनिंबाचा. वाट सरळ न्यायची तर त्याचं एक जाडजूड मूळ मध्ये येत होतं. खोदाई करणाऱ्या ठेकेदाराने सहज सांगितलं, तोडून टाकू. शहरी भागात झाडांसाठी १९७५ चा महाराष्ट्राचा झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम लागू आहे. त्यात झाड तोडणे या व्याख्येत झाडाला कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं, मग झाड आपल्या अंगणातलं का असेना. मी महापालिकेच्या उद्यान विभागात जाऊन विचारलं. अर्ज, मालमत्ता कराची पावती, झाडाचे फोटो, मग जागेवर पाहणी असा तो रस्ता होता. तिथल्या बाईंनीच शांतपणे विचारलं, "वाट थोडी वळवता येत नाही का?" येत होती. दोन फूट सरकवली. त्या वळणावर आज दुपारची सगळ्यात दाट सावली असते. झाडाच्या बुंध्याभोवती मीटरभर जागा मोकळी ठेवली. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतल्या झाडांसाठी एवढंच अंतर सांगितलं होतं, ते माप मी इथे धरलं.

तिसरी गोष्ट मुरमाची. मुरूम हे गौण खनिज. तो आणणाऱ्या गाडीकडे स्वामित्वधनाची, म्हणजे आपण रॉयल्टी म्हणतो त्याची, पावती आणि वाहतुकीचा पास असावा लागतो. स्वस्तात रात्री टाकून देतो म्हणणारे भेटतात. आम्ही पास दाखवणाऱ्याकडूनच घेतला, ब्रासमागे थोडे जास्त गेले, पण मध्येच गाडी अडली म्हणून काम थांबण्याची धास्ती उरली नाही. पासचा फोटो काढून ठेवा. मुरूम बघताना मूठभर ओला करून तळहातांमध्ये वळा. लांब वळी वळली तर त्यात माती फार आहे, तो नको. आमचा वळता वळता तुटत होता.

फरशीची पहिली खेप फेब्रुवारीच्या मध्यावर आली. एकूण माप सात ब्रासला थोडं कमी (फरशीचा एक ब्रास म्हणजे शंभर चौरस फूट), तूटफूट आणि कापणी धरून आम्ही साडेसात ब्रास सांगितली होती. दोन बाय दोनची सव्वा इंच जाड फरशी तीस किलोच्या आसपास भरते, म्हणजे सगळा माल सहा टनांच्या घरात जातो. छोट्या टेंपोत एका खेपेत तो मावत नाही, हमालीचे पैसेही वेगळे लागतात, ते भाव करतानाच विचारा. खेपेत काही फरश्या पाऊण इंचाच्या, काही दोन इंचांच्या निघाल्या. शहाबादीत थोडा फरक असणारच, पण इतका फरक असला की फरशीखालच्या सिमेंट-वाळूच्या मालाचा थर कुठे पातळ, कुठे जाड होतो आणि पातळ फरशी पुढे तडकते. पाऊण इंचाच्या सगळ्या परत पाठवल्या. दुकानदाराने कुरकुर केली, बदलून द्यायला आठवडा लावला, पण दिल्या. उतरवतानाच टेप घेऊन उभं राहा, एकदा सही झाली की कुणी ऐकत नाही. आणि फरश्या एकावर एक आडव्या रचू देऊ नका. खाली लाकडी पट्ट्या टाकून भिंतीला टेकवून उभ्या ठेवायच्या.

खोदाई हातानेच झाली, आत जेसीबी येण्यासारखी जागा नाही. कोबा फुटला, त्याखालून एक फूट माती निघाली. ती एका ओळखीच्या शेतकऱ्याने ट्रॅक्टरने नेली, बागेपुरती आम्ही ठेवली. खड्डा उघडा असतानाच वाटेखालून आडवे दोन इंची पीव्हीसी पाइप टाकून घेतले, दोन्ही तोंडं बंद करून. उद्या बागेला पाणी किंवा दिव्याची वायर न्यायची तर फरशी उखडावी लागणार नाही. टेप शेजारी धरून प्रत्येक पाइपचा आणि चेंबरचा फोटो काढला. हे फोटो घरातल्या दोघातिघांच्या फोनमध्ये असू द्या.

मग मुरूम. दोन थरांत, प्रत्येक थरावर पाणी मारून, भाड्याच्या कॉम्पॅक्टरने दाबून, कोपऱ्यांत हाताने धुम्मस करून. दाबल्यावर सात इंच राहिला. त्यावर खडी आणि कच, म्हणजे खडीचा बारीक चुरा, मिळून तीन इंच, तीही दाबलेली. ठेकेदार म्हणत होता एकदमच भरून वरून फिरवू. मामांनी ठाम नकार दिला, कारण यंत्राचा दाब खालपर्यंत पोचत नाही आणि तळ भुसभुशीतच राहतो. दाबलेल्या मुरमावर टाच जोरात मारली तरी खूण उमटत नाही, इतपत व्हायला हवा. कामाचा हा टप्पा सगळ्यात कंटाळवाणा होता. आठवडाभर फक्त लाल मातीसारखं काही दिसत होतं आणि घरातले सगळे विचारत होते की फरशी कधी. आईंना मात्र रोज खिडकीतून काम बघायचं होतं, त्या मामांना चहा पाठवायची आठवण करत.

ढाळ घराकडून बाहेर, दर पाच फुटांना एक इंच. पंधरा फुटांच्या अंगणाला तीन इंच झाला. खरबरीत दगडाला गुळगुळीत फरशीपेक्षा थोडा जास्त ढाळ लागतो, नाहीतर खळग्यांत पाणी साचतं. पाण्याच्या नळीने लेव्हल घेऊन दोऱ्या बांधल्या. काटकोन मामांनी तीन-चार-पाचच्या मापाने काढला आणि दोन्ही कर्ण मोजून ताडला. पाणी गटारात न सोडता दोन्ही बाजूंच्या झाडांच्या वाफ्यांकडे काढलं, पण वाफे भिंतीपासून आणि अंगणाच्या कडेपासून लांब ठेवले. गच्चीच्या पाण्याचा पाइप आधी अंगणातच मोकळा सुटत होता, त्याला जोड देऊन थेट बाहेर नेला. मागच्या दाराची सहा इंचांची पायरी काढून सहा फुटांचा उतार केला, एकास बाराचं प्रमाण. वॉकरला याहून तीव्र उतार नको.

फरशी बसवायला मार्चच्या पहिल्या आठवड्यात सुरुवात झाली. सिमेंट आणि क्रश सँडचा (दगड दळून केलेल्या वाळूचा) एकास सहा माल, दीड इंच, फरशीच्या पूर्ण बुडाखाली. हे आवर्जून बघा. घाईत असलेले गवंडी चार कोपऱ्यांवर आणि मध्ये मालाचे गोळे ठेवून फरशी टेकवतात. ती लगेच सपाट दिसते, पण मधली पोकळी राहते, तिथे पाणी जमतं, मुंग्या घर करतात आणि जड कुंडी ठेवली की फरशी मोडते. मामा प्रत्येक फरशी पाठीमागून पाण्याने धुऊन, सिमेंटचं दाट पाणी लावून ठेवायचे, रबरी हातोड्याने ठोकायचे आणि आवाज ऐकायचे. पोकळ वाजली की उचलून पुन्हा. पाऊण बोटाची दरज सगळीकडे सारखी ठेवली. घराच्या भिंतीलगत आणि साधारण दर दहा फुटांवर सांधा सिमेंटने न भरता बारीक वाळूने भरला, म्हणजे माती थोडी हलली तर ताण तिथे निघतो.

कडुनिंबाखालचं वळण वेगळ्या पद्धतीने केलं. तिथे सिमेंट अजिबात नाही. मुळांना धक्का न लावता वरवर माती खरवडली, कचेवर कोरड्या फरश्या मांडल्या, दरजांतही कचच. पाणी आणि हवा मुळांपर्यंत जातात, आणि मूळ जाड होऊन फरशी उचलली गेलीच तर ती काढून पुन्हा बसवता येते.

बाकीच्या दरजा एकास तीन मालाने भरल्या. सांडलेला माल लगेच ओल्या पोत्याने आणि लाकडाच्या भुशाने पुसून काढला, डाग वाळूच दिला नाही तर ॲसिडची गरजच पडत नाही. त्यानंतर धुळवड ते रंगपंचमी कामगार गावाला गेले. मला आधी ती सुट्टी डोळ्यांपुढे अडचण वाटत होती, पण ती पाणी मारण्याच्या दिवसांशी बरोबर जुळली. सोलापूरच्या मार्चच्या उन्हात सिमेंट झपाट्याने सुकतं. आम्ही फरश्यांवर ओली पोती अंथरून सकाळ-दुपार-संध्याकाळ भिजवत होतो. गुढीपाडव्याला, ३० मार्चला, आई त्या अंगणात पहिल्यांदा कुणाचा हात न धरता चालल्या. फाटकापर्यंत गेल्या आणि परत आल्या. मला बोलता येईना.

खर्च सगळा मिळून एक लाख दहा हजारांच्या आसपास. त्यात फरशी फक्त चोवीस हजारांची, पाव हिश्शापेक्षा कमी. खोदाई, माती उचलणं, मुरूम, खडी-कच आणि कॉम्पॅक्टरचं भाडं मिळून एकोणचाळीस हजार. बसवण्याची मजुरी चौरस फुटाला चाळीस रुपये, म्हणजे अठ्ठावीस हजार. सिमेंटची सोळा पोती आणि क्रश सँड मिळून दहा हजारांवर. उरलेले पाइप, उतार आणि हमालीत गेले. भाव गावागणिक बदलतील, पण प्रमाण लक्षात घ्या. पैसे कमी पडत असतील तर फरशी साधी घ्या, अंगण लहान करा, मुरूम मात्र कमी करू नका. आमच्याकडेही शेवटी मागच्या एका कोपऱ्यात फरशी केलीच नाही, तिथे माती ठेवून मोगरा आणि कढीलिंब लावला. सगळं अंगण झाकायची गरज नसते.

पावसाने लवकरच परीक्षा घेतली. २०२५ मध्ये मे महिन्यातच जोरदार पाऊस झाला आणि सप्टेंबरात तर जिल्ह्यात सीना नदीला पूर आले. आमच्या अंगणात पाणी कुठेही साचलं नाही. दसऱ्यानंतर मी काठी घेऊन सगळ्या फरश्या ठोकून बघितल्या. चेंबरच्या कडेची एक पोकळ वाजली, मामांनी येऊन ती उचलली, खाली कच भरून पुन्हा बसवली, पैसे घेतले नाहीत. वाळूचे सांधे दोन ठिकाणी धुऊन गेले होते, ते आम्हीच भरले. कोरड्या मांडलेल्या वळणावर दरजांत थोडं गवत आलं, ते हाताने उपटतो, तणनाशक वापरत नाही, खाली मुळं आहेत. लिंबोळ्यांचा चिकटा साध्या साबणाच्या पाण्याने आणि खराट्याने निघतो.

उरलेल्या दहा-बारा फरश्या पाण्याच्या टाकीमागे उभ्या ठेवल्या आहेत. वेगळ्या खेपेचा दगड रंगाला जुळेलच असं नसतं, म्हणून दुकानदार परत घेतो म्हणाला तरी दिल्या नाहीत. तुम्हीही थोड्या ठेवा.